सुओमींचा फिरता कॅमेरा आणि आपला मान्सून

टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगताना मागे ढगांचं एक हलणारं चित्र दाखवतात, ते तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. अरबी समुद्रात एखादं वादळ गरगरत वर सरकतं, मग झटकन मागे जातं आणि पुन्हा तेवढंच सरकतं. हे इतकं अंगवळणी पडलंय की असं चित्र कधी तरी पहिल्यांदा निघालं असेल, आणि त्याआधी ढगांचा प्रवास वरून कुणी सलग पाहिलेलाच नव्हता, हे आपल्या लक्षातही येत नाही.

हे चित्र ज्या माणसाच्या डोक्यातून निघालं, त्याचं नाव व्हर्नर सुओमी. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. मी पीएचडीसाठी अमेरिकेत मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात आलो, तेव्हा मलाही नव्हतं. (माझं काम उपग्रहावरच्या इन्फ्रारेड उपकरणांच्या कॅलिब्रेशनचं. थोडक्यात, वरचा थर्मामीटर खरं बोलतोय की नाही हे तपासायचं!) पण इथे डेटन स्ट्रीटवर एक उंच इमारत आहे, गच्चीवर अँटेनांचं जंगल असलेली. तिच्यात ‘स्पेस सायन्स अँड इंजिनिअरिंग सेंटर’ ही संस्था आहे आणि तिथे काही दिवस वावरलं की सुओमी हे नाव कानावर पडल्यावाचून राहत नाही. म्हटलं, हा माणूस आपल्या लोकांना सांगायलाच हवा. त्याचा आपल्या पावसाशीही संबंध आहे, तो पुढे येईलच.

सुओमींचा जन्म ६ डिसेंबर १९१५ चा, मिनेसोटातल्या इव्हलेथ गावचा. लोखंडाच्या खाणींचा मुलूख, आणि घर फिनलंडहून आलेल्या लोकांचं. गंमत म्हणजे फिनिश भाषेत ‘सुओमी’ म्हणजेच फिनलंड. एखाद्याचं आडनाव ‘महाराष्ट्र’ असावं तसं! शिक्षण शिक्षकी पेशाचं झालं आणि काही वर्षं त्यांनी शाळेत गणित-विज्ञान शिकवलं. दुसरं महायुद्ध आलं नसतं तर हा माणूस कदाचित हेडमास्तर होऊन निवृत्त झाला असता. पण युद्धात वैमानिकांना हवामान शिकवायला माणसं कमी पडत होती. सुओमी शिकागोला गेले आणि कार्ल-गुस्ताफ रॉस्बी या हवामानशास्त्रातल्या दिग्गजाच्या विभागात शिकले आणि शिकवूही लागले. १९४८ साली ते विस्कॉन्सिनला आले.

त्यांच्या पीएचडीचा विषय होता मक्याचं शेत. हसू नका. शेतावर ऊन किती पडतं, त्यातलं किती परत जातं, किती उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि किती हवा तापवण्यात जाते, याचा जमाखर्च त्यांनी मांडला. १९५३ साली त्याबद्दल डॉक्टरेट मिळाली. विस्कॉन्सिन म्हणजे गाई, चीज आणि मका. तिथे हा विषय अगदी घरचाच. पण खरी उडी पुढे आहे. एका शेताचा जमाखर्च मांडता येतो, तर सगळ्या पृथ्वीचा का नाही? ऊन येतंय किती आणि उष्णता बाहेर जातेय किती, या दोन आकड्यांतल्या फरकावर तर जगाचं हवामान चालतं. मात्र पृथ्वीचा जमाखर्च मांडायचा तर शेताच्या बांधावर उभं राहून चालणार नाही, पृथ्वीच्या बाहेर जावं लागेल.

१९५७ साली रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेला उपग्रहांची घाई झाली. सुओमी आणि त्यांचे इंजिनिअर सहकारी रॉबर्ट पेरेंट यांनी एक अगदी साधं उपकरण बनवलं. लहान अर्धगोल, काही काळे आणि काही पांढरे. काळा अर्धगोल ऊनही पितो आणि जमिनीकडून येणारी उष्णताही. पांढरा ऊन परतवतो, पण उष्णता पितो. दोघांच्या तापमानातला फरक मोजला की हिशोब लागतो. काळी छत्री आणि पांढरी छत्री यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे उपकरण कळलं.

ते वर पोचवणं मात्र सोपं नव्हतं. जून १९५९ मध्ये पहिला प्रयत्न फसला. जुलैमध्ये दुसरा, तर रॉकेट उडाल्यावर साडेपाच सेकंदांत नष्ट करावं लागलं. तिसऱ्यांदा, १३ ऑक्टोबर १९५९ ला, एक्सप्लोरर-७ कक्षेत गेला आणि पृथ्वीच्या उष्णतेची मोजदाद पहिल्यांदा अवकाशातून सुरू झाली. पुढच्या दशकभरात अशा मोजण्या साठत गेल्या, आणि पृथ्वी आधी समजत होते त्यापेक्षा गडद आहे, म्हणजे जास्त ऊन पोटात घेते, असं दिसून आलं. आलेल्या उन्हापैकी जवळपास ३० टक्केच ती परत फेकते. आज तापमानवाढीची जी चर्चा चालते, तिच्या पायात हा आकडा आहे.

आता कॅमेऱ्याकडे येऊ.

ढगांचे फोटो काढणारा पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१ हा १ एप्रिल १९६० चा. त्याच्या वंशातले उपग्रह पृथ्वीपासून सातशे-आठशे किलोमीटरवरून भराभर प्रदक्षिणा घालत. फोटो सुंदर यायचे, पण एकाच जागेचा दिवसाउजेडी फोटो फार तर दिवसातून एकदा. समजा, दादर स्टेशनचा फोटो रोज सकाळी नऊ वाजता एकदाच काढला. गाडी उभी आहे का, गर्दी किती, हे कळेल. पण गाडी विरारला चाललीय की चर्चगेटला हे कसं कळणार? कालचा ढग आणि आजचा ढग एकच, हे तरी कशावरून?

उपाय कागदावर ठाऊक होता. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि एकाच जागेवर टांगल्यासारखा दिसतो. पण त्या काळचे असे उपग्रह तोल सांभाळण्यासाठी भोवऱ्यासारखे स्वतःभोवती गरागरा फिरत, मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्या. फिरत्या भोवऱ्यावर बसून फोटो काय काढणार! म्हणून नासाच्या पहिल्या एटीएस उपग्रहाच्या मूळ बेतात असा कॅमेरा नव्हताच, तो मुख्यतः दळणवळणाच्या प्रयोगांसाठी होता.

सुओमींनी ही अडचणच कामाला लावली. भोवऱ्यावर बसलेला माणूस एका बारीक नळीतून बाहेर पाहतोय असं समजा. प्रत्येक फेरीत त्याची नजर पृथ्वीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक पट्टा पुसत जाते. पुढच्या फेरीला नळी किंचित कलती करायची, की दुसरा पट्टा. असे दोनेक हजार पट्टे एकाखाली एक लावले की अख्ख्या पृथ्वीचं चित्र तयार! वीस-बावीस मिनिटांत एक. एका फेरीला सहा दशांश सेकंद लागतात, आणि त्या अंतरावरून पृथ्वी आकाशाचा इतका थोडा भाग व्यापते की त्यातला फक्त विसावा हिस्सा वेळ पृथ्वी नजरेत असते. तेवढ्यात जे दिसेल ते टिपायचं. यातलं प्रत्येक पाऊल एखाद्या हुशार डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला समजेल इतकं सरळ आहे. मला इंजिनिअर म्हणून या कल्पनेचा हेवा वाटतो तो त्यामुळेच.

सुओमी आणि पेरेंट यांनी नासाला हे पटवलं आणि दुर्बिणीसकट तो कॅमेरा एटीएस-१ वर चढला. फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणे ६ डिसेंबर १९६६ च्या रात्री तो उडाला. म्हणजे नेमका सुओमींच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी! पॅसिफिक महासागरावर उभं राहून त्याने पाठवलेली चित्रं एकामागे एक लावली, आणि प्रथमच असं झालं की चित्रात जे हलतंय ते ढगच आहेत, उपग्रह नव्हे.

वर्षभराने, नोव्हेंबर १९६७ मध्ये, एटीएस-३ वर याच कॅमेऱ्याचा रंगीत भाऊ गेला. त्याने टिपलेलं अख्ख्या पृथ्वीचं रंगीत चित्र १९६८ सालच्या ‘होल अर्थ कॅटलॉग’ या गाजलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलं गेलं. त्याचा संपादक स्ट्युअर्ट ब्रँड त्याआधी छातीवर लावायचे बिल्ले वाटत हिंडत होता, अख्ख्या पृथ्वीचा फोटो आपल्याला अजून का दाखवला नाही असा सवाल करणारे. अपोलोच्या अंतराळवीरांचे प्रसिद्ध फोटो त्या चित्रानंतरचे. हवामानाच्या एका उपकरणाने सामान्य माणसाला त्याचं घर बाहेरून दाखवलं, असंच म्हणायला हवं.

या सामान्य माणसाचं इथे पहिल्यापासून मोठं अगत्य. त्याला ‘विस्कॉन्सिन आयडिया’ असं भारदस्त नाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स व्हॅन हाइझ नावाचे इथले कुलप्रमुख सांगत असत की विद्यापीठाचा लाभ राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोचल्याशिवाय मला समाधान नाही. अशी वाक्यं पुष्कळ विद्यापीठांच्या भिंतींवर असतात, पण इथे लोकांनी ते मनावर घेतलं. १९१६ साली भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्ल टेरी यांनी विद्यापीठाच्या ९एक्सएम या बिनतारी केंद्रावरून हवामानाचा अंदाज कट्-कडकट् अशा मोर्स लिपीत रोज पाठवायला सुरुवात केली. ज्याला मोर्स येतं त्याने तो उतरवून घ्यायचा आणि गावाला सांगायचा. जानेवारी १९२१ पासून तोच अंदाज माणसाच्या आवाजात जाऊ लागला. गवत कापायचं की नाही, दूध कधी पाठवायचं, हे शेतकरी त्यावर ठरवू लागला. आपल्याकडे रेडिओ यायला अजून काही वर्षं होती.

१९६५ मध्ये सुरू झालेलं सुओमींचं केंद्र याच परंपरेत वाढलं. हिऱ्याच्या खाणीसारखी दारं बंद ठेवून संशोधन करणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. आजही इथे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग असतात. ‘आजी-आजोबांचं विद्यापीठ’ नावाचा एक झकास उपक्रम आहे. त्यात आजोबा नातवाला घेऊन दोन दिवस विद्यार्थी होतात आणि दोघे मिळून हवामानासारखे विषय शिकतात. इथले दोन प्राध्यापक, स्टीव्ह अॅकरमन आणि जोनाथन मार्टिन, ‘वेदर गाइज’ या नावाने वर्षानुवर्षं रेडिओवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलेत आणि वर्तमानपत्रात सदर लिहीत आलेत. गारा गोल का असतात, तळ्यावरचं धुकं सकाळीच का दिसतं, असे प्रश्न. आमच्या अभ्यासात चार-पाच वर्षं घासल्यावरही यातल्या काहींची उत्तरं सोप्या भाषेत देता येत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

एक वेगळी अडचण चित्रांच्या ढिगाची. दर अर्ध्या तासाला एक चित्र, म्हणजे दिवसाला जवळपास पन्नास. ढग किती सरकला ते मोजलं की वारा कळतो, ही मूळ युक्ती. समुद्रावर जिथे ना वेधशाळा ना जहाज, तिथला वारा ढगच सांगणार. पण सुरुवातीला हे काम फिल्मवर, हाताने चाले. शिवाय उपग्रह जरासा डुलला की चित्र सरकतं आणि ढग न हलताच हलल्यासारखा वाटतो. ३६,००० किलोमीटरवरून एक किलोमीटर म्हणजे एक किलोमीटरवरून पाहिलेलं दोन रुपयांचं नाणं. तेवढी चूकसुद्धा वाऱ्याच्या हिशोबात जाणवते. म्हणून किनाऱ्यावरची ओळखीची टोकं, बेटं धरून चित्रं एकावर एक चपखल बसवायची आणि मग पडद्यावर ढगावर बोट ठेवावं तशी खूण करून त्याचा वेग काढायचा, अशी यंत्रणा या केंद्राने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी केली. तिचं नाव मॅकआयडास. माणूस आणि कॉम्प्युटर समोरासमोर बसून चित्र हाताळताहेत, ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी याच गावात टीव्हीसाठी हवामानाची रंगीत चित्रं बनवणारी कंपनीही निघाली. तुमच्या-आमच्या पडद्यावरच्या त्या हलत्या ढगांचं कूळ शोधायचं तर असं मॅडिसनपाशी येऊन पोचतं.

आता आपला समुद्र.

१९७९ साली जगभरच्या हवामानखात्यांनी मिळून वर्षभर सगळ्या पृथ्वीचं वातावरण एकदम मोजायचा घाट घातला. त्याची आखणी करणाऱ्यांत सुओमीही होते. विषुववृत्तावर पाच उपग्रह हवे होते. अमेरिकेचे दोन, युरोपचा एक, जपानचा एक, आणि हिंदी महासागरावर रशियाचा. रशियाचा उपग्रह वेळेत आलाच नाही. म्हणजे सगळी पृथ्वी दिसणार, आणि जिथे मान्सून जन्मतो तेवढाच भाग आंधळा राहणार! मग अमेरिकेचा एक जुना उपग्रह, १९७५ सालचा गोज-१, सरकवत सरकवत हिंदी महासागरावर आणून उभा केला. त्याचे संकेत स्पेनमधल्या केंद्रावर उतरत, आणि त्यातल्या ढगांवरून वारे काढायचं काम आलं मॅडिसनला.

म्हणजे असं बघा. बाहेर तळी गोठलेली, उणे वीस तापमान, आणि आत एक विद्यार्थी पडद्यावर हिंदी महासागरातल्या कापसाच्या बोंडांएवढ्या ढगांवर एकेक खूण करत बसलाय. त्याच्या कामातून सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळून आपल्याकडे येणारा वाऱ्याचा प्रचंड झोत रोजच्या रोज मोजला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये मान्सूनच्या खास मोहिमेसाठी अमेरिकेची संशोधन विमानं मुंबईहून अरबी समुद्रावर उडत होती. १९७९ चा पाऊस उशिरा आला. जूनच्या मध्याला अरबी समुद्रात एक भोवरा तयार झाला आणि त्याच्याबरोबर मान्सून. मध्य भारतात पाऊस पोचण्याच्या साधारण आठवडाभर आधी समुद्रावरच्या वाऱ्यांची ताकद कित्येक पटींनी वाढली होती, हे त्या आकड्यांतून निघालं. पुढे तो मोसम दुष्काळी ठरला. माझ्या आजोळी अजून एकोणऐंशीचं साल म्हटलं की आजी गप्प होते. मॅडिसनमधल्या त्या आकड्यांनी तिच्या विहिरीला पाणी आणलं नाही, हेही खरंच. पण मान्सूनच्या वाऱ्यांवर नंतर जे लिहिलं गेलं त्यात त्या वर्षाचे आकडे पुन्हा पुन्हा येतात.

वर्ष संपलं, प्रयोग संपला आणि उपग्रह पुन्हा हलवला गेला. आपल्यावरचा डोळा मिटला. यापूर्वी आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही. साठच्या दशकात हिंदी महासागर मोहिमेच्या वेळी कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र होतं आणि तिथे वरून जाणाऱ्या उपग्रहांची चित्रं उतरवून घेत. पण ते दादर स्टेशनच्या रोजच्या एका फोटोसारखंच. सतत पाहणारा डोळा परत मिळाला तो आपलाच, इन्सॅट-१बी, ३० ऑगस्ट १९८३ ला गेलेला. (त्याआधीचा १ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला.) दळणवळण, टीव्ही आणि हवामान हे तिन्ही एकाच उपग्रहात घालायची कल्पना तेव्हा धाडसाची होती, आणि ती आपल्या लोकांनी निभावली.

पण एक गोष्ट मला खटकते. इन्सॅटचे हे आकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाहेरच्या संशोधकांना सहज मिळत नसत, आणि देशातल्या सामान्य माणसाला तर बातम्यांत दोन क्षण दिसणारं चित्र एवढंच. इतकं करूनही १९९८ मध्ये इंडोएक्स या प्रयोगासाठी युरोपने आपला मेटिओसॅट-५ हिंदी महासागरावर आणून ठेवला, आणि तेव्हापासून युरोपचा एक ना एक उपग्रह तिथे आहे. सुरक्षेची कारणं असतील, मी ती उडवून लावत नाही. पण ढगाला गुपित कसलं? आपल्या ढगांची चित्रं जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलांवर वेळेत पोचली असती तर मान्सूनवर आणखी दहा-वीस डोकी लागली असती, असं मला मनापासून वाटतं.

आता चित्र पालटलंय. १७ फेब्रुवारी २०२४ ला इन्सॅट-३डीएस गेला. त्याची आणि त्याच्या भावंडांची चित्रं हवामानखात्याच्या साइटवर कुणालाही फुकट दिसतात, आणि अभ्यासकांसाठी अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राकडून आकडेही मिळतात. माझा सांगलीकडचा मामा द्राक्षवाला. अवकाळीची भीती असली की रात्री-अपरात्री ते चित्र मला फोनवर धाडतो. "भाच्या, हा पांढरा ठिपका आमच्यावर येतोय का बाजूनं जातोय, तेवढं सांग." मी म्हणतो, मामा, एका चित्रावरून नाही सांगता येत, आधीची चारपाच पाठव. आता तो न सांगता पाच पाठवतो!

सुओमी ३० जुलै १९९५ ला गेले. २०११ मध्ये उडालेल्या एका अमेरिकी हवामान उपग्रहाला नंतर ‘सुओमी’ हे नाव दिलं. आपण २००२ च्या मेटसॅटला २००३ मध्ये ‘कल्पना’ नाव दिलं, तसंच.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात इन्सॅटची चित्रं उघडा. इन्फ्रारेड चित्रात जितकं पांढरं तितकं थंड, म्हणजे तितका ढगाचा माथा उंच. केरळच्या पश्चिमेला असे पांढरे पुंजके दिवसामागून दिवस टिकून राहिले की वेधशाळेच्या घोषणेकडे लक्ष ठेवा. दिवसा दृश्य प्रकाशाचं चित्र पाहिलंत तर त्याच समुद्रावर बारीक ढगांच्या रांगा आफ्रिकेकडून आपल्याकडे वळलेल्या दिसतील, १९७९ मध्ये मॅडिसनला मोजल्या होत्या तशाच. रात्री मात्र हे दुसरं चित्र काळंकुट्ट दिसतं. तो बिघाड नव्हे, सूर्य मावळलेला असतो इतकंच.